रॅन्सम मायर्स यांच्याविषयी थोडे

औद्योगिक मासेमारीने समुद्रातील मोठ्या शिकारी माशांपैकी सुमारे ९० टक्के संपवले, हा सागरी जीवशास्त्रज्ञ रॅन्सम मायर्स यांचा २००३चा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. मला मात्र त्यांचे कॅनडातील न्यूफाउंडलंडमधील काम अधिक मोलाचे वाटते. १९९२मध्ये तेथील कॉड माशाची मासेमारी थांबवावी लागल्यावर थंड पाण्याला आणि सीलना दोष दिला जात असताना, सरकारी शास्त्रज्ञ असूनही, कॉडचा नाश अतिमासेमारीनेच झाला असे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. मिसिसिपीत वाढलेले, भटकंतीची मनापासून ओढ असलेले मायर्स पाच मुलांचे वडील होते. मार्च २००७मध्ये मेंदूतील गाठीमुळे वयाच्या अवघ्या ५४व्या वर्षी ते गेले आणि त्याच आठवड्यात त्यांचा शार्कविषयीचा निबंध ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला.