नवीन ट्रक, फिल्टरमधून पाणी निघत नाही, तरी ‘डिझेलमध्ये पाणी’चा दिवा लागतोय

प्रश्न

नमस्कार मंडळी. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि आता कुठे स्वतःची पहिली गाडी घेतली. कॉमन रेल इंजिन आहे (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना मोठ्या दाबाने डिझेल देणारं), मीटरवर ४,२६० किलोमीटर झालेत. म्हणजे गाडीचा नवा वाससुद्धा अजून गेलेला नाही.

गेल्या आठवड्यात पहाटे लोड घेऊन चढ चढत होतो. मीटरवर पिवळा दिवा लागला, फिल्टरचं चित्र आणि त्याखाली थेंब. पुस्तिकेत बघितलं, अर्थ ‘इंधनात पाणी’. लगेच गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, सेपरेटरखालचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरखालचा) ड्रेन कॉक सोडला आणि काचेच्या बरणीत पेलाभर डिझेल काढलं. अर्धा तास बरणी समोर ठेवून बसलो. खाली पाण्याचा थर नाही, थेंब नाही, काही नाही. चावी फिरवली तर दिवा विझलेला.

साठ-सत्तर किलोमीटरवर पुन्हा तेच. आतापर्यंत तीन वेळा डिझेल काढलं, तिन्ही वेळा स्वच्छ. दिवा लागतो, पाच-दहा मिनिटं राहतो आणि आपोआप विझतो. खराब रस्ता असला की जास्त वेळा लागतो असं मला वाटतं, पण खात्रीने सांगता येणार नाही. पिकअप ठीक, धूर नाही, इंजिन कुठे अडखळत नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले, सेन्सर बदलू, पण आठ दिवस थांबावं लागेल.

गाडी चालवत राहू की उभी करू? मला या गाडीच्या बाबतीत अंदाजावर काही करायचं नाही.

उत्तर १

भाऊ, लगेच थांबून डिझेल काढलंत हे उत्तम केलंत. पण सेन्सर खोटा आहे असं ठरवायची घाई नको. तुमच्या काढण्याच्या वेळेत एक चूक आहे.

आधी सेन्सर काय करतो ते सांगतो. सेपरेटरच्या तळाशी धातूच्या दोन पिना असतात. डिझेलमधून वीज जवळजवळ जात नाही, पाण्यातून जाते. एक लिटर डिझेल साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम भरतं आणि पाणी १,००० ग्रॅम, म्हणून पाणी खाली बसतं. साठत साठत ते दोन्ही पिनांना टेकलं की सर्किट जुळतं आणि दिवा लागतो. आता बघा, पाणी पिनांच्या जरा खाली असेल तर सपाट रस्त्यावर ते टेकणार नाही, पण चढावर किंवा खड्ड्यात हेलकावून टेकेल. म्हणजे दिवा लागून विझला एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही.

तुम्ही तिन्ही वेळा चालती गाडी थांबवून डिझेल काढलंत. त्या वेळी सगळं घुसळलेलं असतं. बारीक थेंब डिझेलमध्ये तरंगत असले तर अर्ध्या तासात खाली बसतीलच असं नाही. रात्रभर गाडी सपाट जागेवर उभी ठेवा आणि सकाळी चावीला हात लावायच्या आधी काढा. बरणी झाकून संध्याकाळपर्यंत हलवू नका. डिझेल ढगाळ दिसलं तरी पाणी आहे असंच समजा. कॉक हातानेच सोडा आणि हातानेच बसवा, पाना लावलात तर प्लास्टिक चिरतं. नीट बसला नाही तर हवा धरते आणि गाडी स्टार्ट होईना म्हणून तुम्ही हँड प्रायमर (हवा काढायचा हातपंप) मारत बसाल.

दुसरं काम, कोड काढा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा आकडा. नुसता दिवा काही सांगत नाही, कोड सांगतो. एसपीएन (बिघाड कुठे आहे) आणि एफएमआय (कसला आहे) हे दोन्ही आकडे इथे लिहा. आणि कोड पुसू देऊ नका, तो पुरावा आहे.

उत्तर २

दादा, दुर्लक्ष मात्र करू नका, एवढंच सांगायला लिहितोय. माझ्या आधीच्या गाडीत हाच दिवा लागायचा. सोबतचा एक जण म्हणाला सेन्सर नाजूक असतात, चालू दे. मी चालू दिलं. त्या वेळी खरंच पाणी होतं. दोन इंजेक्टर गेले आणि हाय प्रेशर पंपाच्या आत गंज निघाला.

कॉमन रेलमध्ये १,६०० बारच्या वर दाब जातो आणि आतले भाग डिझेलच्याच वंगणावर सरकतात. तिथे पाणी वंगणाचं काम करत नाही. जुन्या पंपाची गाडी कदाचित सोसेल, ही सोसणार नाही. आणि टाकी अर्धी ठेवून रात्री गाडी उभी करत असाल तर ती सवय सोडा. रिकाम्या भागातल्या हवेतली वाफ थंडीत टाकीच्या पत्र्यावर जमते आणि डिझेलमध्ये उतरते. मी आता संध्याकाळीच टाकी भरतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सांगितलं तसंच केलं. गाडी रात्रभर उभी ठेवली, सकाळी थंड इंजिनवर काढलं, बरणी संध्याकाळपर्यंत हलवली नाही. डिझेल नितळ. बरणीमागे पुस्तिकेचं पान धरलं तर अक्षरं वाचता येत होती.

ओळखीच्या एका मेकॅनिककडे स्कॅनर होता, त्याने कोड काढून दिला: एसपीएन ९७, एफएमआय ३. आकडे कागदावर लिहून घेतले, कोड पुसू दिला नाही. तो म्हणाला वायर कापून थेट जोडून देतो, दिवा कायमचा जाईल. मी नाही म्हटलं. बरोबर केलं ना?

उत्तर १

अगदी बरोबर केलंत. दिवा गेला असता, पण उद्या खरंच पाणी आलं असतं तर तुम्हाला कोण सांगणार होतं? शिवाय कापलेली वायर दिसली की वॉरंटीचं बोलणं तिथेच संपतं.

आता आकड्यांकडे या. एसपीएन ९७ म्हणजे इंधनातलं पाणी दाखवणारं सर्किट. बिघाड कोणत्या जातीचा ते एफएमआय सांगतो. खरंच पाणी भरलं असेल तर सहसा १५ किंवा १६ येतो, म्हणजे सेन्सर ठीक आहे आणि त्याला पाणी दिसतंय. ३ म्हणजे व्होल्टेज असायला हवं त्यापेक्षा वर गेलंय. वायर तुटली, पिन मागे सरकली, कपलर (वायर सेन्सरला जोडणारा प्लग) सैल झाला की असं होतं. स्वच्छ बरणी आणि एफएमआय ३ या दोन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. माझा संशय सेन्सरवर कमी आणि कपलरवर जास्त आहे. नव्या गाडीत सेन्सर मरण्यापेक्षा कपलर नीट न बसलेला मी जास्त वेळा पाहिलाय.

इंजिन आयडलवर ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण्या लावा. फिरत्या बेल्टपासून आणि पंख्यापासून हात लांब. एकाला मीटरकडे बघायला बसवा आणि सेन्सरपासून वर जाणारी वायर वीत-वीत करून हळूच हलवा. दिवा जिथे लागेल तिथे दोष. मग इंजिन बंद करून कपलर उघडा, पिना सारख्या उंचीवर आहेत का, रबरी सील जागेवर आहे का, हिरवट थर आहे का ते बघा. फोटो काढा, दुरुस्त काही करू नका.

प्रश्नकर्ता

सापडलं!

मुलगा मीटरसमोर बसला होता, मी खाली. सेन्सरजवळची वायर हलवली, काही नाही. कपलरला बोट लागलं आणि तो वरून ओरडला, “लागला!” बोट काढलं, विझला. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा तसंच.

कपलरचं लॉक अर्धंच बसलेलं होतं. आतली एक पिन दुसरीपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी मागे. वर वायरला धरणारी क्लिप ब्रॅकेटवर नव्हतीच, त्यामुळे सगळा झोका त्या कपलरवर यायचा. खराब रस्त्यावर जास्त लागतो हे मला वाटत होतं ते खरं निघालं.

फोटो आणि कोडचा कागद घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. आधी म्हणाले सेन्सरच बदलू. फोटो दाखवले, त्यांच्यासमोर वायर हलवून दिवा लावून दाखवला. मग त्यांनी पिनसकट कपलर बदलला, क्लिप लावली, वॉरंटीत. सेन्सर जुनाच आहे. त्यानंतर १,१०० किलोमीटर झाले, त्यात तो परवाचा खराब रस्ताही आला, दिवा लागलेला नाही.

एक विचारायचं राहिलं. चावी फिरवल्यावर हा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो. म्हणजे सर्किट ठीक आहे असं धरू का?

उत्तर १

नाही. त्यावरून फक्त मीटरमधला दिवा जिवंत आहे एवढंच कळतं, सेन्सरचं काही कळत नाही. पुस्तिकेत दिलेल्या अंतराला सकाळी थंड गाडीवर डिझेल काढत राहा आणि फिल्टर बदलताना कपलर परत बसवला की लॉकचा ‘टक्’ आवाज स्वतः ऐका.