नवीन कार्ड डेटाच देत नाही, टी=० की टी=१? (तातडीने मदत हवी)

कंटाळलेला_कोडर, रात्री ११:४०
कँटीनच्या चिपवाल्या कार्डांचा जुना प्रोग्राम माझ्या गळ्यात पडलाय. जुनी कार्डं मस्त चालतात, नवीन लॉटमधलं एकही नाही. रीडर तोच, कोड तोच. विकणारा म्हणतो, "ही टी=० आहेत, बाकी सगळं सेम." (टी=०, टी=१ म्हणजे कार्ड आणि रीडरच्या बोलण्याच्या दोन पद्धती, प्रोटोकॉल.) मग चालत का नाही? लेक्चर नको, उद्या सकाळी ९ ला डेमो आहे.

बोरकुट, ११:४८
"चालत नाही" म्हणजे काय? एरर येते? कार्ड ओळखतच नाही? एटीआर (कार्ड चालू होताच रीडरला देतं ते पहिलं उत्तर) टाका आधी.

माऊ, ११:५१
कॉन्टॅक्टलेस घ्या ना सरळ. आमच्या ऑफिसात टॅप केलं की झालं, चिप घासायची भानगडच नाही.

कंटाळलेला_कोडर, ११:५५
@माऊ, कार्डं विकत घेऊन झालीत. 😐
जुन्याचा एटीआर: ३बी एफ८ १३ ०० ०० ८१ ३१ एफई ४५... नव्याचा: ३बी ६८ ०० ००... यात काय दिसतं?

जुनाटसोल्डर, रात्री १२:०६
बरंच काही. जुन्यात सहाव्या जागी ८१ आहे, तो टीडी१, म्हणजे प्रोटोकॉल सांगणारा बाइट. शेवटचा अंक १, म्हणजे टी=१. नव्यात टीडी१ च नाही आणि तो नसला की टी=० धरायचं. आता टी=१ ब्लॉक पाठवतं: पुढे तीन बाइट, मध्ये मजकूर (तुमच्या कार्डात एफई, म्हणजे २५४ बाइटपर्यंत), मागे तपासणीचा बाइट. टी=० एकेक बाइट देतं आणि पॅरिटी (तपासणीचा बिट) चुकली की घेणारा लाइन खाली ओढून तोच बाइट पुन्हा मागतो. टी=१ चांगलं, टी=० टाकाऊ.

पेठकर, १२:११
टाकाऊ कसं? जीएसएमची सिम कार्डं टी=० वरच जगली. कमी मेमरीत बसतं, हे विसरू नका.

जुनाटसोल्डर, १२:१४
जगली म्हणून चांगलं? आणि नवं कार्ड हळू चालेल बघा.

पेठकर, १२:१९
हळू चालेल ते टीए१ (एटीआरमधला वेगाचा बाइट) मुळे, प्रोटोकॉलमुळे नाही. जुन्यात टीए१ = १३, म्हणजे एका बिटाला ३७२/४ क्लॉक. नव्यात टीए१ नाही, म्हणून पूर्ण ३७२. ३.५७ मेगाहर्ट्झला ९६०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट). चौपट फरक तिथे आहे. उगाच टी=० ला शिव्या नकोत.

चहाबाज, १२:२२
माझ्या लायसन्सच्या कार्डातही चिप होती. इतक्या वर्षांत कुणी एकदाही रीडरमध्ये घालून पाहिली नाही!

बोरकुट, १२:२४
चहाबाज, त्यासाठीच स्कॉस्टा नावाचं प्रमाण आयआयटी कानपूर आणि एनआयसीनं केलं होतं. पण तो वेगळा धागा.
धागाकर्ते, अजून सांगितलं नाहीत. वाचनाची कमांड पाठवल्यावर नेमकं काय येतं?

कंटाळलेला_कोडर, १२:३०
आधी प्रोटोकॉल मिसमॅच येत होतं. मग कोडमध्ये टी=० पण चालेल असं केलं. आता कनेक्ट होतं, पण डेटा रिकामा. फक्त ६१ १० येतं. कोड ९० ०० (म्हणजे 'सगळं ठीक') ची वाट बघतो, म्हणून एरर.

बोरकुट, १२:३३
अरे देवा, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! ६१ १० म्हणजे "झालं काम, १० (हेक्स, म्हणजे १६) बाइट तयार आहेत, येऊन घेऊन जा". टी=० मध्ये एकाच कमांडमध्ये डेटा नेणं आणि आणणं दोन्ही जमत नाही. लगेच गेट रिस्पॉन्स (तयार डेटा मागायची कमांड) पाठवा: ०० सी० ०० ०० १०. शेवटचा बाइट ६१ च्या पुढचा जसाच्या तसा. आणि कधी ६सी (मागितलेली लांबी चुकली) आलं तर त्याच्या पुढची लांबी घालून मूळ कमांड पुन्हा पाठवा.

जुनाटसोल्डर, १२:३५
बघा, टी=१ असतं तर हे झालंच नसतं.

पेठकर, १२:३६
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कंटाळलेला_कोडर, १२:५२
आला! १६ बाइट आणि ९० ००. बोरकुट, चहा माझ्याकडून. आता हे सगळीकडे, १४ ठिकाणी घालायचं का?

बोरकुट, १२:५५
एकच फंक्शन करा, ६१ आणि ६सी तिथेच हाताळा. झोपा आता.

माऊ, सकाळी ८:१०
पण टॅपवाली कार्डं का नाही घेतलीत?