मूल डोक्यावर पडले की लगेच सीटी स्कॅन?

रानवारा
‘मूल डोक्यावर आपटले की आधी सीटी स्कॅन करा, शंका ठेवू नका,’ असा सल्ला काल एका लेखात वाचला आणि राहवले नाही. २००९ च्या पेकार्न अभ्यासात (मुलांच्या तातडीच्या उपचारांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी गटाच्या) ग्लासगो गुण, म्हणजे शुद्धीची पातळी मोजणारे १५ पैकी गुण, १४-१५ असलेली ४२,४१२ मुले होती. स्कॅन सुमारे ३५ टक्के मुलांचा झाला, गंभीर इजा ३७६ जणांना निघाली आणि मेंदूची शस्त्रक्रिया ६० जणांवर झाली. दोन वर्षांवरील मुलाची शुद्ध हरपली नसेल, उलटी किंवा तीव्र डोकेदुखी नसेल, वागणे ठीक असेल, कवटीच्या तळाचा अस्थिभंग दिसत नसेल आणि अपघात जबर नसेल, तर धोका ०.०५ टक्क्यांहूनही कमी असतो. मग स्कॅन कशासाठी?

सांजवेळ
हे आकडे दुसऱ्याच्या मुलाविषयी फार शांतपणे सांगता येतात. माझा मुलगा तीनदा ओकला, तरी ‘थांबून पाहू’ हेच उत्तर मिळाले. तो नेहमीसारखा नाही, असे मी सांगत होते आणि माझ्याकडे घाबरट बाई म्हणून पाहिले जात होते. अखेर स्कॅनमध्ये थोडा रक्तस्राव निघाला.

रानवारा
उलट्या होणारे मूल माझ्या यादीत बसतच नाही. प्रतिसाद देण्याआधी धागा वाचावा.

काठावर
रानवारा, हा सूर अनावश्यक आहे. याच अभ्यासातल्या दोन वर्षांखालील मुलांच्या निकषांत ‘पालकांच्या मते मूल नेहमीसारखे वागत नाही’ हा स्वतंत्र मुद्दाच आहे. आईचे निरीक्षण ही तपासणीतली नोंद आहे, घाबरटपणा नव्हे.

रानवारा
आणि सांजवेळ यांचा मुलगा दोन वर्षांखालचा होता का?

सांजवेळ
चार वर्षांचा होता. म्हणजे चौथ्या वर्षी आईचे डोळे जातात, असेच ना?

काठावर
मोठ्या मुलांच्या निकषांत तो मुद्दा त्या शब्दांत नाही, हे मान्य. पण झोपाळूपणा किंवा तेच तेच विचारणे आईनेच आधी टिपलेले असते. मात्र थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. केवळ उलट्यांसारखे एखादेच लक्षण असेल, तर चार ते सहा तास पुन्हा पुन्हा तपासत राहणे हाही निर्णयच असतो. तुम्हाला बाकावर बसवून कोणी फिरकले नसेल, तर ते निरीक्षण नव्हते.

सांजवेळ
कोणीही फिरकले नव्हते. पण स्कॅनच्या किरणोत्सर्गाचा बागुलबुवा तरी किती करायचा?

रानवारा
२०१२ च्या ब्रिटिश अभ्यासाचा अंदाज असा की दहा वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या दर १०,००० सीटी स्कॅनमागे पुढील दशकात रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण निघतो.

सांजवेळ
दहा हजारांत दोन! मघाशी आकड्यांनी दिलासा देत होतात, आता त्याहून लहान आकड्याने भीती घालता.

रानवारा
टोला बसला. तरीही ज्याला काहीच लक्षण नाही, त्याला तो धोका कशाला द्यायचा? तुमच्या मुलाला मात्र नीट तपासत राहायला हवे होते, हे लिहून देतो. आता तरी मूळ लेखाविषयी बोलू या का?

सांजवेळ
तो लेख चुकीचाच आहे. तुम्ही मात्र पुढच्या वेळी यादीबरोबर आईलाही वाचा.