अविश्वास मुलीवर नाही, मागच्या सीटवर आहे

गाडीवान:
परवा इथे 'अठरा वर्षांच्या मुलीवर संचारबंदी' असा एक लेख आला. लेखकाची कन्या रात्री साडेअकराला पार्टीतून निघाली, तीन मैत्रिणींना सोडायचं होतं. इथे ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये, लाल पी-प्लेटवाल्या (म्हणजे एकट्यानं चालवायचा पहिला परवाना नुकताच मिळालेल्या), पंचविशीच्या आतल्या चालकाला रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात एकविशीच्या आतला एकच प्रवासी नेता येतो. म्हणून दोघी मागे राहिल्या आणि बाबांना पांघरुणातून उठावं लागलं. एवढ्यावरून 'हा आमच्या मुलांवर अविश्वास' म्हणून चार परिच्छेद!

अहो, मुलगी शहाणीच असणार. पण मागे दोघी खिदळतायत, शेजारची मोबाइल नाकासमोर धरून 'हे बघ ना' म्हणतेय, आणि त्यात पावसाळी रात्र. एल-प्लेट, म्हणजे शिकाऊ परवाना, असताना मुलं फारशी आपटत नाहीत, कारण शेजारी आपण बसलेलो असतो, नसलेला ब्रेक दाबत. धोका सगळ्यात जास्त असतो तो एकट्यानं चालवायला लागल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत. न्यूझीलंडनं हे ओळखून १९८७ मध्येच टप्प्याटप्प्याचा परवाना आणला. आपण २०२५ नंतरही रुसून बसायचं?

मोरपीस:
तो लेख माझा. 'कन्या', 'रुसून' वगैरे खवचटपणा पोचला.

मी न उठता झोपून राहिलो असतो तर? त्या दोघी पूर्ण परवानेवाल्या कुणा तेवीस वर्षांच्या टोणग्याच्या गाडीत बसल्या असत्या. तो थोडी घेतलेला असता तरी कायद्यात बसला असता, माझी मुलगी मात्र शून्य दारू आणि तीन जागा रिकाम्या. याला सुरक्षा म्हणतात? आणि २०११ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता: कडक नियमांच्या राज्यांत सोळा वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात कमी, अठरा वर्षांच्यांचे जास्त. म्हणजे संकट टळलं नाही, दोन वर्षं पुढे ढकललं.

उंबरठा:
अर्धवट वाचलंत, दादा. तिथल्या बहुतेक राज्यांत हे नियम अठराव्या वर्षी संपतात. मग पोरं काय करतात, शिकतच नाहीत, वाढदिवसाची वाट बघतात. आम्ही न्यू जर्सीत होतो, तिथे एकविशीच्या आतल्या नवशिक्याला अठरानंतरही सुटका नाही, वर नंबरप्लेटला लाल स्टिकर. माझा मुलगा ते स्टिकर पाहून 'बैलाला झूल' म्हणायचा. इथे तर वय काहीही असो, नवा चालक म्हणजे पी. तुमचा अभ्यास इथे लागू कसा?

तिरकस:
रात्रीचं सोडा हो. आधी ते १२० तासांचं लॉगबुक बोला, शिकाऊ असताना कुणाला शेजारी बसवून चालवलेल्या तासांची वही. किती जणांनी खरे भरलेत? हात वर करा.

मोरपीस:
आम्ही भरले. सगळे.

तिरकस:
हो हो. आमच्या ओळखीत एकानं एका रविवारी दुपारी चाळीस तासांच्या नोंदी केल्या. हुशारी अशी की तीन पेनं बदलली, मध्येच एका पानावर चहाचा डाग पाडला. ओडोमीटरचे आकडे मात्र जुळेनात, मग पोरानं एक्सेल उघडलं.

स्पष्टवक्ती:
यात हसण्यासारखं काय आहे? माझ्या भाच्याचे रात्रीचे वीस तास असेच 'झाले' होते. पी मिळाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पावसात एकटा निघाला आणि डिपर कसा द्यायचा हे माहीत नाही म्हणून समोरच्या हेडलाइटनं दिपून दुभाजकावर. जीव वाचला, खांद्यात पट्टी आहे. सही कुणाची होती? बापाची.

तिरकस:
सॉरी. पण ताई, बापाचीही बाजू बघा. दोन नोकऱ्या, एक गाडी. इन्स्ट्रक्टरचा एक तास तीन तास धरतात, तोही दहा तासांपर्यंतच, म्हणजे झाले तीस. सेफर ड्रायव्हर्स कोर्स, म्हणजे शिकाऊंच्या सुरक्षावर्गाचे, वीस धरले तरी सत्तर तास आई-बापांच्याच गळ्यात. ज्यांच्याकडे पैसे आणि वेळ आहे त्यांचीच पोरं कायद्यानं शिकणार. बाकीचे चहाचे डाग पाडणार.

गाडीवान:
धागा कुठून कुठे! पण हे मान्य, तासांचा नियम घरच्यांच्या इमानावर उभा आहे. मीही पहिले पंधरा तास मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरवून लिहिलेत. त्यातून मुलगा पार्किंगमध्ये गोल फिरायला शिकला.

उंबरठा:
म्हणूनच रात्रीचा आणि प्रवाशांचा नियम हवा ना! तो तुमच्या सहीवर अवलंबून नाही.

मोरपीस:
वा. म्हणजे खोटारडे बाप तुम्ही, आणि शिक्षा माझ्या मुलीला.

गाडीवान:
खोटारडा कुणाला म्हणता? पार्किंगचे तासही तासच. शब्द मागे घ्या.

मोरपीस:
घेतला. 'गोल फिरवणारे' म्हणतो.

स्पष्टवक्ती:
मोरपीस, एक विचारते, रागावू नका. त्या रात्री तुम्ही दोघींना आणायला गेलात तेव्हा तुमची मुलगी घरी कशी आली?

मोरपीस:
एका मैत्रिणीला सोडून. माझ्या पुढेच होती, मी मागून आलो. खरं सांगायचं तर एका राउंडअबाउटला तिनं उजवीकडून येणारी गाडी उशिरा पाहिली. करकचून ब्रेक. गाडीत दोघीच होत्या, गाणं बंद होतं. मागे आणखी दोघी असत्या तर... असो.

रात्रीचं एक मान्य. पण ताशी ११० किलोमीटरच्या मोटरवेवर लाल पीला ९०ची मर्यादा आणि मागे ट्रक भोंगा मारत चिकटलेला, हे कुणाच्या सुरक्षेसाठी, ते मला समजावून सांगाच. त्यावर वेगळा धागा काढतोय.

तिरकस:
काढा. पहिला प्रतिसाद माझा, मुद्दा काहीही असो.