एलपीच्या वेव्ह फाइली आईच्या फोनमध्ये कशा मावतील?

तबकडीवाला:
बाबांच्या ४१ एलपी (मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या तबकड्या) आणि थोड्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्या दिवाळीपासून कॉम्प्युटरवर घेतोय. वेव्ह, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. एकेका एलपीला सव्वा ते दीड जीबी! आईचा फोन ३२ जीबीचा, त्यातला निम्मा भिशीच्या ग्रुपवरच्या 'शुभ सकाळ'नी भरलेला. म्हणून एका ख्यालाच्या एलपीवर ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) खरखर घालवणारं नॉइज रिडक्शन मारलं, ९६ केबीपीएसची एमपी३ केली आणि तिला ऐकवली. दोन मिनिटांत म्हणाली, "तंबोरे कुठे गेले रे?" खरंच नव्हते. गवई थांबला की मागे नुसती गुळगुळ, विहिरीतून आल्यासारखी. बिटरेट (सेकंदाला किती बिट्स ते, इथे ९६ केबीपीएस) कमी पडला का?

जुनीसुई:
बिटरेट कमीच आहे, पण तंबोरे तू स्वतः पुसलेस. 'हा नॉइज, हा काढ' म्हणून ऑडॅसिटीला नमुना कुठला दिलास?

तबकडीवाला:
सुरुवातीचा. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तंबोरा चालू असतो तो.

जुनीसुई:
मग झालं! नमुन्यात जे सापडेल ते सगळं त्याच्या लेखी कचरा. नमुना घ्यायचा तो सुई टेकल्यापासून तंबोरा सुरू होईपर्यंतच्या रिकाम्या भागाचा, आणि ५-६ डेसिबलच्या पुढे जायचं नाही. मी तर एलपीला ते लावतच नाही. टिकटिक काढतो, खरखर राहू देतो. मूळ वेव्ह उडवल्या नाहीस ना? त्या फ्लॅक या फॉरमॅटमध्ये कर. जागा बरीच वाचते आणि आवाजातलं काहीच जात नाही. फोनसाठीची फाइल दरवेळी त्यातूनच काढायची, एमपी३ची पुन्हा एमपी३ कधीच नाही.

पुणे३०:
फोन अँड्रॉइड असेल तर एमपी३ऐवजी ओपस फॉरमॅट, १२८ केबीपीएस. मिनिटाला जेमतेम १ एमबी, म्हणजे तुझ्या ४१ एलपी दोन जीबीच्या आत. गाडीतल्या पेनड्राइव्हला मात्र एमपी३च बरी. लेम या एमपी३ एन्कोडरचं व्ही२ सेटिंग लाव, सरासरी १९०च्या आसपास पडतं. जुन्या तबकडीला जास्तही जाईल, खरखरीलाही बिट्स लागतात. एमपी३ करताना विलंबित आणि द्रुत वेगळे तोडू नकोस, जोडावर अडखळतं. एक बाजू, एक फाइल.
७८ला सुई वेगळी वापरलीस ना? एलपीची बारीक सुई तिच्या रुंद खोबणीत तळाशी घासते. आणि दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो कर: ७८मध्ये गाणं सुईच्या आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीची बरीच खरखर आपोआप कटते. फाइलही लहान.

तबकडीवाला:
सुई एकच वापरली. ७८ पुन्हा घ्याव्या लागणार, हरी हरी. एलपी मात्र १४ झाल्या, ओपसमध्ये. आईने हेडफोन लावून तंबोरे आलेत म्हणून सांगितलं. आता तक्रार एकच: एका भजनात ठरावीक फेऱ्याला टक्‌ होतं. तो चरा मी चौथीत असताना सुई हाताने सरकवून पाडलाय. तिला अजून माहीत नाही. क्लिक रिमूव्हलने जात नाहीये, हाताने कसा काढू?

जुनीसुई:
झूम करून आलेखातला तेवढाच उभा काटा निवड आणि ऑडॅसिटीतलं रिपेअर मार. १२८ सॅम्पलपेक्षा (आलेखावरचे ठिपके) मोठा तुकडा ते घेत नाही. फेऱ्यागणिक एक, म्हणजे मिनिटाला ३३. बस आता.