विषय: न्यूक्लिअर मेडिसिनचं क्लिनिकल आणि डिक्लरेशनचा फॉर्म, शुक्रवारच्या आत उत्तर हवंय

अनघा:
सगळ्यांना नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. माझ्या जावेचं तुम्हाला माहीतच आहे, गेल्या करिअर मेळाव्यानंतर तिने न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टच्या (किरणोत्सर्गी औषध टोचून स्कॅन करणारे तंत्रज्ञ) प्रोग्रामला अ‍ॅडमिशन घेतली, आणि जेआरसीएनएमटीची (अशा प्रोग्रामांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेलाच घेतला, कारण प्राजक्ताने तेव्हाच बजावलं होतं की मान्यता नसेल तर पुढे एनएमटीसीबीच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. थिअरी छान झाली, आता पुढच्या महिन्यापासून क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष काम. त्यात गोड बातमी आहे, दुसरा महिना लागलाय (तिला विचारूनच लिहितेय). प्रोग्रामने डिक्लरेशनचा, म्हणजे गरोदर असल्याचं लेखी कळवायचा फॉर्म दिलाय, त्यात तीन पर्याय आहेत: आहे तसं चालू ठेवायचं, रोटेशन (क्लिनिकलमधल्या कामांच्या पाळ्या) बदलून घ्यायचं किंवा रजा. बॅच वर्षातून एकदाच भरते त्यामुळे रजा म्हणजे अख्खं वर्ष गेलं. सासूबाई म्हणतात रजा घे, जाऊ म्हणते कुणाला सांगायचंच नाही, दिसायला लागेपर्यंत गप्प बसायचं. मला दोन्ही पटत नाही. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी लिहा, नुसती काळजी नको, ती घरात भरपूर चाललीय.

सुधीर काका:
अनघा, आधी अभिनंदन. आता आकडे नीट बघ. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्या प्रौढ माणसाला एनआरसीची (अमेरिकेची अणुनियामक संस्था) मर्यादा वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनच्या डोसचं माप). गरोदर असल्याचं लेखी कळवलं की बाळासाठी वेगळी मर्यादा लागते, पूर्ण नऊ महिन्यांत मिळून ५ मिलिसिव्हर्ट, आणि तीही एकाच महिन्यात भसकन न जाता साधारण सारखी विभागलेली. अंदाज यावा म्हणून सांगतो, काहीही न करता नुसतं या देशात राहिलं तरी निसर्गातून वर्षाला ३ च्या आसपास मिळतातच. जाऊबाई गप्प बसल्या तर त्यांना ५० चीच मर्यादा लागू राहणार, ५ ची नाही, हे त्यांच्या लक्षात आलंय का? लपवून फायदा काही नाही, उलट हक्काचं संरक्षण सोडून द्यायचं. कळवणं ऐच्छिक आहे, कोणी जबरदस्ती करू शकत नाही, आणि दिलेलं पत्र पुढे कधीही लेखी मागे घेता येतं. पत्रात गर्भधारणेची अंदाजे तारीख लिहावी लागते.

डॉ. मेधा:
काका, आकडे बरोबर आहेत, पण मर्यादा म्हणजे तिथपर्यंत जायची परवानगी नव्हे. मी रेडिओलॉजिस्ट म्हणून रोज या विभागाबरोबर काम करते, माझं मत स्पष्ट आहे, रजा घ्यावी. एक वर्ष काही मोठं नाही. विद्यार्थ्याचा हात बसलेला नसतो, इंजेक्शन द्यायला वेळ लागतो, पेशंटला टेबलवर घ्यायला वेळ लागतो, आणि वेळ लागला की डोस वाढतो. शिवाय थायरॉइडच्या उपचाराचं किरणोत्सर्गी आयोडीन १३१. साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून बाळाची थायरॉइड आयोडीन ओढायला लागते, तिथे धोका पत्करू नये. मेडिकल प्रश्नाला मेडिकल उत्तरच असावं.

सेक्रेटरी:
आरोग्याचे प्रश्न आरोग्य समितीच्या यादीवर पाठवायचे असं सर्वसाधारण सभेत ठरलंय. हा धागा तिकडे हलवावा ही विनंती.

प्राजक्ता:
सेक्रेटरीसाहेब, हा आरोग्याचा नाही, शिक्षणाचा प्रश्न आहे, इथेच राहू दे. डॉक्टर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण रिपोर्टिंग रूममधून जे दिसतं आणि हॉट लॅबमध्ये (किरणोत्सर्गी औषधं तयार करायची खोली) जे असतं त्यात फरक आहे. मी रोज पहाटे जनरेटरमधून टेक्नेशियम (स्कॅनसाठीचं किरणोत्सर्गी द्रव्य) काढते, त्यात मॉलिब्डेनमची गळती मोजते, किट बनवते, डोस कॅलिब्रेटर तपासते, मग कॅमेरा सगळीकडे सारखं टिपतो ना याची तपासणी, त्यानंतर पहिला पेशंट. यातलं कुठलं काम किती डोस देतं हे माझ्या बॅजवर (अंगावर लावायचं डोस मोजणारं साधन) दर महिन्याला दिसतं.

अनघा, तुझ्या जावेला सांग की पर्याय दोन, रोटेशन बदलून घेणे. क्लिनिकलमधली सगळी कामं सारखी नसतात. टेक्नेशियमची गॅमा किरणं १४० केईव्हीची (किरणांच्या ऊर्जेचं माप), अर्धायुष्य ६ तास, शिशाचा पातळ पत्रासुद्धा ती बरीच अडवतो. पीईटी स्कॅनचं फ्लोरीन १८ मात्र ५११ केईव्ही, १ मीटरवर आणि ४ मीटरवर उभं राहण्यात तिथे जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून आधी बोन स्कॅन, हार्ट, हिडा (पित्ताशयाचा स्कॅन), फुप्फुसं ही साधी इमेजिंगची रोटेशनं घ्यायची, पीईटी आणि आयोडीन थेरपी बाळंतपणानंतर. आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीचं असंच केलं, ती वेळेत पास झाली. डोसचा मोठा हिस्सा बाटलीतून नाही, इंजेक्शन दिलेल्या पेशंटकडून येतो. तो माणूसच चालता-बोलता स्रोत. हिस्टरी, समजावून सांगणं, फॉर्मवर सही, हे सगळं इंजेक्शनच्या आधी उरकून घ्यायचं. ही सवय तिला आयुष्यभर उपयोगी पडेल, गरोदर असो वा नसो.

आणि डिक्लरेशन दिलं की कमरेला वेगळा बॅज मिळतो, बाळाचा, दर महिन्याला त्याचं रीडिंग. लपवलं तर तो बॅजच नाही, मग खरंच किती मिळालं हे कुणालाच कळणार नाही. सासूबाईंना हे नक्की सांग, त्यांना आकडा हातात मिळाला की धीर येईल.

नीलेश:
मध्येच विचारतो, माझा मुलगा एक्स-रे टेक आहे, त्याला न्यूक्लिअरमध्ये जायचंय. आधीचं सर्टिफिकेट असेल तर वर्षभराचा प्रोग्राम पुरतो असं ऐकलंय, खरं का? आणि गरोदर बाईने पीईटीत शिशाचा एप्रन घालून उभं राहिलं तर चालेल ना?

सुधीर काका:
नीलेश, एप्रनचं सांगतो. एक्स-रे विभागातला अर्धा मिलिमीटर शिशाचा एप्रन विखुरलेल्या एक्स-रेसाठी उत्तम. ५११ केईव्हीची तीव्रता फक्त निम्मी करायलाच साधारण ४ मिलिमीटर शिसं लागतं. म्हणजे एप्रन घालून कंबर मोडायची, उपयोग जवळपास शून्य, आणि घातलाय म्हणून माणूस पेशंटजवळ रेंगाळतो ते वेगळंच. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो, तिथे फुकटात जास्त संरक्षण आहे.

प्राजक्ता:
नीलेशदादा, हो, एआरआरटीचं (एक्स-रे टेकना सर्टिफिकेट देणारी संस्था) रेडिओग्राफीचं सर्टिफिकेट असेल तर वर्षभराचे प्रोग्राम असतात, पण मान्यता बघूनच घ्या, आणि राज्याचं लायसन्स लागतं का तेही बघा, कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी वेगळं लागतं. बाकी नवा धागा काढा, अनघाचा शुक्रवार जवळ आलाय.

डॉ. मेधा:
प्राजक्ता, रोटेशन खरंच असं बदलून मिळणार असेल आणि आयोडीन थेरपीच्या पेशंटपासून तिला पूर्ण लांब ठेवणार असतील तर माझा विरोध नाही. पण हे तोंडी नको, रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडून लेखी घ्या. उलट्या, थकवा हा वेगळा विषय, पहाटेची शिफ्ट पहिल्या तीन महिन्यांत झेपत नाही, तेव्हा वेळही बदलून मागा.

शिल्पा:
एक राहिलं, तिला रजेवर ढकलायचा अधिकार कॉलेजला नाही. १९७२ चा टायटल नाइन कायदा गरोदर विद्यार्थिनींना लागू होतो, फेडरल पैसा घेणाऱ्या कॉलेजांना. रजा तिने मागितली आणि डॉक्टरांनी गरजेची ठरवली तर द्यावी लागते, आणि परत आल्यावर होती त्याच जागी घ्यावं लागतं. मग सासूबाई म्हणतात ती रजा सातव्या-आठव्या महिन्यात घेता येईलच की, आत्ताच कशाला?

अनघा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जावेला सगळे मेल वाचून दाखवले. गप्प बसलो तर ५० चीच मर्यादा, हे काकांचं वाक्य ऐकून ती दोन मिनिटं काही बोलली नाही, मग स्वतःच म्हणाली, पत्र देते. पर्याय दोनवर खूण केलीय, उद्या सेफ्टी ऑफिसरची वेळ मिळालीय. लेखी मागायच्या गोष्टी: कमरेचा बॅज, पीईटी आणि आयोडीन बाळंतपणानंतर, पहाटेऐवजी सकाळची उशिराची शिफ्ट, आणि हॉट लॅबच्या सरावात आधीच्या बॅजवर किती नोंद झालीय ते. काका, त्या आकड्याचं काय करायचं, तो ५ मधून वजा होतो का?

सुधीर काका:
होय, गर्भधारणेच्या तारखेपासूनचा तेवढा वजा. कळवायच्या दिवशीच ४.५ च्या वर गेला असेल तरी उरलेल्या काळासाठी आणखी ०.५ पर्यंत मुभा असते, पण विद्यार्थ्यांच्या सरावात एवढा होत नाही. रीडिंग आलं की मला पाठव.