कॉर्टिसॉलचा अहवाल ठीक आला. मग अपुऱ्या झोपेचा परिणाम शोधायचा कुठे?

प्रश्न : रात्रपाळीकर, फोंडा

नमस्कार. माझे वय ४१ असून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात, गुणवत्ता तपासणी विभागात, मी बारा वर्षे काम करीत आहे. आमची पाळी दर आठवड्याला बदलते : प्रथम सकाळी ७ ते दुपारी ३, मग दुपारी ३ ते रात्री ११ आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री ११ ते सकाळी ७. रात्रपाळीच्या आठवड्यात घरी येऊन, अंघोळ आटोपून, वाटीभर पेज घेऊन मी नऊच्या सुमारास आडवा होतो आणि कितीही दमलेलो असलो तरी दीड वाजता टक्क जागा होतो. वर्षभरात पोटाचा घेर वाढला आहे, चिडचिड वाढली आहे आणि गेल्या महिन्यात परतताना बोरीच्या पुलावर स्कूटर चालवता चालवता क्षणभर माझा डोळा लागला. मागच्या टँकरवाल्याने हॉर्न वाजवला म्हणून निभावले.

झोप कमी झाली की तणावाचे संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, वाढते, असे वारंवार वाचल्यामुळे मी स्वतःहून तपासणी करून घेतली. शनिवारी पाळी संपवून थेट गेलो व साडेआठला रक्त दिले. कॉर्टिसॉल १४ आले (अहवालावरील मर्यादा ५ ते २५), उपाशीपोटीची साखर १०८ आणि रक्तदाब १३८/९०. कॉर्टिसॉल तर अगदी मध्यावर आहे. मग झोप आणि कॉर्टिसॉल यांचा हा संबंध अतिशयोक्त म्हणायचा, की मी चुकीचे काही मोजले?

उत्तर : शरीरक्रियाशास्त्राचा निवृत्त शिक्षक, मडगाव

आपण मोजलेत ते बरोबर असेल, पण ज्या वेळी मोजलेत ती वेळ आपल्या प्रश्नाला उत्तर देणारी नाही. कॉर्टिसॉलच्या बाबतीत ‘किती’ या प्रश्नाइतकाच ‘केव्हा’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो, आणि बहुतेक लेखांत नेमका तोच गाळलेला असतो.

मेंदूतील अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) हा भाग पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथीला संदेश देतो, पियुषिका मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते आणि त्या कॉर्टिसॉल स्रवतात. रात्री झोपणाऱ्या माणसात हे प्रमाण मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते, पहाटेपूर्वीच चढू लागते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेते आणि मग दिवसभर उतरत जाते. म्हणून सकाळचे कॉर्टिसॉल जास्त असणे हा आजार नव्हे. ते तसेच असायला हवे. अपुऱ्या झोपेचा ठसा प्रामुख्याने उतरणीवर, म्हणजे संध्याकाळी उमटतो. शिकागो येथे कारीन स्पीगेल, राशेल लप्रू आणि एव्ह व्हॅन कॉटर यांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास बिछान्यात राहू दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात त्यांचे संध्याकाळचे कॉर्टिसॉल वाढलेले आढळले आणि रक्तातील साखर हाताळण्याची क्षमता खालावलेली आढळली. सगळ्याच प्रयोगांत ही वाढ इतकी स्पष्ट दिसलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. विशेषतः एका रात्रीच्या जागरणाबाबत निष्कर्ष संमिश्र आहेत.

आपली अडचण मात्र आणखी वेगळी आहे. शरीराचे घड्याळ आठवड्याभराच्या रात्रपाळीने सहसा उलटे फिरत नाही. आपण नऊ वाजता आडवे होता तेव्हा कॉर्टिसॉल आणि शरीराचे तापमान ‘दिवस उजाडला’ असे सांगत असतात, आणि परतीच्या वाटेवरचे ऊन मेलॅटोनिन या रात्र झाल्याचे शरीराला कळवणाऱ्या संप्रेरकाचा उरलासुरला अंमलही दाबून टाकते. दीड वाजता टक्क जाग येण्याचे कारण तेथे आहे. झोपेचा पहिला, गाढ भाग कॉर्टिसॉलचे स्रवणे आवरून धरतो आणि त्याच काळात रक्तदाबही सुमारे १० ते २० टक्के उतरतो. ही रोजची विश्रांती हृदय व रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षे अर्धवट मिळाली, तर त्याचा हिशेब कोठेतरी लागणारच. तेव्हा अहवालातील १४ हा आकडा मी बाजूला ठेवीन आणि रक्तदाबाकडे पाहीन.

उत्तर : जत्रेकरी, पेडणे

सरांचे म्हणणे विद्वत्तेचे आहे, परंतु आमच्या पिढीने जत्रेत पहाटेपर्यंत दशावतार पाहिला, दुपारी जेवून ताणून दिली आणि कोणाचेही काही बिघडले नाही. दुपारी दुकाने बंद करून वामकुक्षी घेणाऱ्या गोव्याला झोपेचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मनावर घेऊ नका, रात्री दुधातून अश्वगंधा घ्या, कॉर्टिसॉल आपोआप खाली येईल.

उत्तर : परिचारिका, म्हापसा

जत्रेचे जागरण वर्षातून दोन-चार वेळा होते, रात्रपाळी वर्षातले सतरा आठवडे. दोहोंना एका मापाने मोजू नये. कर्करोगावरील जागतिक संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे, ते हौसेने नव्हे. हे धोक्याचे प्रमाण नसून पुराव्याच्या बळाची वर्गवारी आहे, त्यामुळे घाबरून जाऊ नये. पण ‘काही बिघडत नाही’ असेही म्हणता येणार नाही.

प्रश्नकर्त्यांना मला एक विचारायचे आहे. शनिवारच्या पाळीत आपण कँटीनमध्ये किती वाजता खाल्ले? उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान आठ तास पोटात काही गेलेले नसावे लागते. दोन वाजता खाऊन साडेआठला रक्त दिले असेल, तर १०८ या आकड्यावरून काहीच ठरत नाही. दिवसपाळीच्या आठवड्यात, रात्रभर नीट झोपून, ती तपासणी पुन्हा करावी आणि सोबत तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करावी.

मी स्वतः एकोणीस वर्षे रात्रीची ड्युटी केली आहे. घरी पोचेपर्यंत गडद चष्मा घालत असे, कारण डोळ्यांवर ऊन पडले की झोप उडते. खोलीच्या खिडकीला जाड काळे कापड लावले होते, तरी दहा वाजता मासळीवाल्याचा हॉर्न वाजला की उठून बसत असे. शेवटी कानात बोळे घालायला शिकले आणि त्याला सुट्टीच्या दिवशीच दारात थांबायला सांगितले. पहाटे पाचचा चहा मात्र सोडणे सर्वांत जड गेले. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणजे दहा वाजता अर्धा कप चहा पोटात घेऊनच आपण झोपायचा प्रयत्न करीत असतो. सलग सात तास मिळत नसतील, तर सकाळचे साडेचार तास आणि कामावर निघण्यापूर्वी रात्री साडेआठ ते दहा असे दोन तुकडे करून पाहावेत.

आणि कृपया रात्रपाळीच्या आठवड्यात स्कूटर घरी ठेवा. कंपनीची बस असेल तर ती, नसेल तर एखाद्या सहकाऱ्यामागे बसून या. पण तोही रात्रभर जागलेला नसावा.

उत्तर : शरीरक्रियाशास्त्राचा निवृत्त शिक्षक, मडगाव

परिचारिकाताईंचा खाण्याच्या वेळेचा मुद्दा माझ्या लक्षातून निसटला होता. जत्रेकरी महाशयांच्या वामकुक्षीला माझा विरोध नाही, मीही रोज वीस मिनिटे घेतो. रात्र शाबूत असलेल्याला ती पूरक आहे. अश्वगंधेने कॉर्टिसॉल काहीसे उतरल्याचे लहान चाचण्यांत दिसले आहे, तसेच क्वचित प्रसंगी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. मूळ अडचण झोपेच्या तासांची आणि वेळेची असताना केवळ आकडा उतरवून पुलावरची डुलकी थांबणार नाही.

आणखी एक. आपली पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकते, उलट्या क्रमापेक्षा हे शरीराला सोसते. ती बदलून मागू नका. मात्र आपण घोरता का आणि झोपेत श्वास अडखळतो का, हे पत्नीला अवश्य विचारा. पोटाचा घेर, दिवसा येणारी पेंग आणि वाढता रक्तदाब ही तिन्ही एकत्र असतील, तर झोपेतील श्वासरोधाची शंका घ्यावी लागते आणि त्याची तपासणी निराळी आहे.

प्रश्नकर्ता : रात्रपाळीकर, फोंडा

सर्वांचे आभार. ताई, आपला अंदाज जवळजवळ खरा आहे : अडीच वाजता दोन पाव आणि भाजी, पाचला गोड चहा, म्हणजे ती साखर उपाशीपोटीची नव्हतीच. घोरण्याविषयी घरी विचारले, तर पत्नी म्हणाली की मुलगी परीक्षेपासून आजीच्या खोलीत झोपते ती त्याचमुळे, आणि मला हे आजवर कोणी सांगितले नव्हते. पुढील सोमवारपासून सकाळची पाळी आहे. त्या आठवड्यात साखर, एचबीए१सी आणि रक्तदाब पुन्हा पाहून, श्वासाच्या तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ घेतो. स्कूटरची चावी सध्या पत्नीकडे दिली आहे.